शुक्राचार्यांच्या आश्रमातील जमाखर्च

कर्ली नदीच्या काठी, कुडाळ तालुक्यात वालावल हे गाव आहे. नारळी-पोफळीच्या बागा, तळ्याच्या काठी उभे असलेले लक्ष्मीनारायणाचे देवालय आणि जत्रांच्या दिवसांत रात्रभर चालणारा दशावतार, अशी या गावाची ओळख सांगता येईल. पेटी आणि मृदंगाचा सूर लागतो, झांज वाजू लागते, गणपती आणि शारदा येऊन जातात आणि मग काळ्या पोशाखातला संकासुर अवतरतो. तो शुद्ध मालवणीत बोलतो, समोर बसलेल्यांची थट्टा करतो, मुलांना पोट धरून हसवतो. त्याने ब्रह्मदेवाचे वेद चोरलेले असतात. अखेरीस विष्णू येतो, दोघांचे युद्ध होते आणि संकासुर मारला जातो. त्यानंतर रात्रीचे मुख्य आख्यान सुरू होते.

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. नट आयत्या वेळी संवाद रचतात; आजचा विनोद उद्या नसतो, एका गावातला टोमणा दुसऱ्या गावात बदलतो. मात्र संकासुराचा शेवट बदलत नाही. पुढच्या रांगेत आईच्या मांडीवर पेंगणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही तो ठाऊक असतो. ते मूल संकासुरावर प्रेम करते, त्याच्या बोलण्याला खदखदून हसते; पण तो मारला गेल्यावर त्याच्यावर अन्याय झाला, असे त्याला वाटत नाही. याची कारणे तीन. चोरीचा परिणाम काय, हे सर्वांना आधीच माहीत असते. तो परिणाम दर रात्री तोच असतो. आणि तो चोराच्याच वाट्याला येतो, शेजाऱ्याच्या नव्हे.

बक्षीस आणि शिक्षा यांच्या कोणत्याही व्यवस्थेला लावण्याजोग्या याच तीन कसोट्या आहेत: नियम आधी सांगितलेला असावा, सारख्या कृत्याला सारखे फळ असावे आणि ते फळ कर्त्यालाच मिळावे. पौराणिक कथांमधील सगळीच न्यायासने या कसोट्यांना उतरत नाहीत. ज्या गुरुकुलात मेलेल्याला जिवंत करण्याची विद्या होती, तेथला हिशेब तर फारच विस्कळीत होता. ते गुरुकुल म्हणजे दैत्यगुरू शुक्राचार्यांचा आश्रम.

महाभारताच्या आदिपर्वात ही कथा येते. देव आणि दैत्य यांच्या युद्धात मेलेले दैत्य शुक्राचार्य संजीवनी विद्येने पुन्हा उठवीत. देवांचे गुरू बृहस्पती यांच्यापाशी ती विद्या नव्हती. म्हणून देवांनी बृहस्पतीचा मुलगा कच याला शुक्राचार्यांकडे शिष्य म्हणून पाठवले. पाठवताना त्यांनी त्याला एक सल्ला दिला: गुरूंची सेवा कर, पण त्यांची लाडकी कन्या देवयानी हिलाही प्रसन्न ठेव, ती संतुष्ट झाली की विद्या नक्की मिळेल. त्या आश्रमाची सारी रीत या एका सल्ल्यात सामावलेली आहे. विद्या कशाने मिळते, याचे बाहेरच्यांनाही ठाऊक असलेले उत्तर अभ्यास किंवा आचरण हे नव्हते. गुरूंच्या लाडक्या व्यक्तीची मर्जी, हे ते उत्तर होते.

पुढे जे घडले त्याचा जमाखर्च मांडून पाहण्यासारखा आहे. कच शत्रुपक्षाचा आहे हे दैत्यांना कळले. तो गायी राखायला रानात गेला असता त्यांनी त्याला मारले आणि तुकडे करून लांडग्यांना घातले. देवयानीने वडिलांपाशी शोक केला, शुक्राचार्यांनी विद्येने त्याला परत आणले. दुसऱ्यांदा तो फुले आणायला गेला असता दैत्यांनी त्याला मारून त्याचे पीठ केले आणि समुद्रात मिसळले. पुन्हा तेच: देवयानीचा शोक, पित्याची विद्या, कचाचे परत येणे. तिसऱ्यांदा दैत्यांनी त्याला जाळले, त्याची राख मद्यात कालवली आणि ते मद्य शुक्राचार्यांनाच पाजले. आता कच बाहेर आला तर गुरूचे पोट फाडूनच येणार. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्याला संजीवनी मंत्र शिकवला. तो बाहेर आला आणि त्याने त्याच मंत्राने मृत गुरूला उठवले.

आता निकाल पाहावेत. आश्रमातील एका शिष्याची तीन वेळा हत्या झाली. पहिल्या दोन हत्यांबद्दल मारेकऱ्यांना विचारल्याचेही कथेत आढळत नाही. तिसऱ्या वेळी गुरूंचा स्वतःचा जीव गेला, तेव्हा त्यांनी दैत्यांना बोलावून मूर्ख ठरवले आणि सांगितले की कचाला आता सिद्धी मिळाली आहे. दैत्य चकित होऊन घरी गेले. शिक्षा एवढीच. कठोर शिक्षा झाली ती दुसऱ्यांना. यापुढे जो ब्राह्मण मद्य पिईल त्याला ब्रह्महत्येचे पाप लागेल, असा नियम गुरूंनी त्या क्षणी घालून दिला. मद्य पिण्याची चूक गुरूंची, त्यात राख कालवण्याचा अपराध दैत्यांचा आणि बंधन मात्र जगातल्या सर्व ब्राह्मणांवर, पिढ्यान्‌पिढ्या. नियम म्हणून तो हितकारक असेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९१३ साली रंगभूमीवर आणलेल्या ‘विद्याहरण’ या नाटकात गुरूंच्या मद्यपानाचा हा भाग ठळकपणे पुढे येतो. पण जमाखर्चाच्या वहीत ही नोंद चुकीच्या खात्यावर पडलेली आहे, हे कोणताही मुनीम सांगेल.

बक्षिसाचेही तसेच. कचाने दीर्घकाळ सेवा केली, व्रत पाळले. त्या सेवेच्या बळावर त्याला विद्या कधी मिळाली असती की नाही, हे सांगण्यास कथेत आधार नाही. मिळाली ती गुरूंवर प्राणसंकट आले म्हणून.

यानंतरचा प्रसंग अधिक बोलका आहे. दैत्यराजा वृषपर्वा याची मुलगी शर्मिष्ठा आणि देवयानी या मैत्रिणी. जलक्रीडेनंतर वस्त्रांची अदलाबदल झाली, त्यावरून दोघींत भांडण पेटले, टोकाचे शब्द निघाले आणि शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकलले. ययाती राजाने तिला बाहेर काढले. अपराध गंभीर होता यात शंका नाही. शुक्राचार्यांनी मुलीला आधी क्षमेचा उपदेश केला. ती ऐकेना, तेव्हा ते राजाकडे गेले आणि राज्य सोडून जाण्याची भाषा बोलू लागले. राजाने हात जोडले. देवयानीची मागणी मान्य झाली: शर्मिष्ठेने तिची दासी व्हावे, एकटीने नव्हे तर हजार दासींसह, आणि देवयानी लग्न होऊन जिथे जाईल तिथे मागोमाग जावे. तीन खुनांना एक झिडकारणी आणि मुलींच्या भांडणातील एका धक्क्याला जन्मभराचे दास्य, हे त्या आश्रमाचे दरपत्रक. त्या हजार जणींनी कोणाला धक्का दिला होता, हा प्रश्न तर कोणी विचारलाच नाही.

शेवटची नोंद ययातीच्या खात्यावरची. लग्नाच्या वेळी शुक्राचार्यांनी त्याला स्पष्ट बजावले होते की शर्मिष्ठेला मान द्यावा, पण पत्नी म्हणून तिला जवळ करू नये. येथे नियम आधी सांगितलेला होता. या कथेत असे क्वचितच घडते. ययातीने तो मोडला, तेव्हा त्याला तत्काळ वार्धक्य येईल असा शाप मिळाला. मग त्याने विनवणी केली आणि शाप सैल झाला: दुसऱ्या कोणाला हे वार्धक्य देता आले तर द्यावे. चार मुलांनी नकार दिला. पाचवा, शर्मिष्ठेचा धाकटा मुलगा पुरू, तयार झाला आणि बापाने भोगायचे म्हातारपण त्या तरुणाच्या अंगावर आले. नियम सांगितलेला, शिक्षा ठरलेली. भोगली मात्र निर्दोषाने.

या कथेवर मराठीतील सर्वांत गाजलेली कादंबरी लिहिणारे वि. स. खांडेकर हे शाळामास्तर होते. वालावलहून दक्षिणेला, वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे त्यांनी शिकवले. ‘ययाति’ त्यांनी पुष्कळ नंतर लिहिली. ती १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. त्या कादंबरीत ययातीच्या समोर त्यांनी कचाला उभे केले आहे. ज्याला कोणी न्याय दिला नाही, तोच तेथे संयमाने वागतो. आश्रमातून धडा घेतला तो त्याने स्वतःच्या बळावर. व्यवस्थेने त्याला दिलेला तो धडा नव्हता.

आजच्या मुलांना शुक्राचार्यांचा आश्रम दूरचा वाटेल. त्यांच्या परिचयाची जादूची शाळा वेगळी आहे. ब्रिटिश लेखिका जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालेचे पहिले पुस्तक १९९७ मध्ये आणि सातवे २००७ मध्ये निघाले. पहिल्या पुस्तकाचा मराठी अनुवादही ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावाने झाला. त्यातील हॉगवर्ट्स ही निवासी शाळा चार गटांत वाटलेली आहे. विद्यार्थ्याने चांगले केले की त्याच्या गटाला गुण मिळतात, चुकले की गटाचे गुण कापले जातात आणि वर्षाअखेरीस सर्वाधिक गुणांच्या गटाला चषक मिळतो. इंग्रजी माध्यमाच्या अनेक शाळांत लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या रंगांचे असेच गट असतात, म्हणून ही पद्धत मुलांना ओळखीची वाटते.

पहिल्याच पुस्तकातील नोंदी तपासल्या तर शुक्राचार्यांची आठवण येते. झाडूवर बसून उडण्याच्या तासाला शिक्षिका सांगून जातात की माझ्यामागे कोणी उडाल्यास त्याला शाळेतून काढले जाईल. हॅरी उडतो. त्याला त्याच्या गटाच्या संघात घेतले जाते आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना स्वतःचा झाडू ठेवण्यास मनाई असताना त्याला नवा कोरा, महागडा झाडू भेट मिळतो. पुढे हॅरी, हर्माइनी आणि नेव्हिल रात्री खोलीबाहेर सापडतात. प्रत्येकी ५० गुण कापले जातात, एकूण १५०. त्याच रात्री, तसाच बाहेर सापडलेला दुसऱ्या गटातील मुलगा मात्र २० गुण गमावतो. या चौघांना आणखी एक शिक्षा होते. रात्री बाहेर फिरणे धोक्याचे, म्हणून गुन्हा केलेल्या मुलांना रात्री अकरा वाजता शाळेतील सर्वांत धोकादायक जंगलात पाठवले जाते.

वर्षअखेरीच्या भोजनाला निकाल लागलेला असतो. स्लिदरिनचे ४७२ गुण, रेव्हनक्लॉचे ४२६, हफलपफचे ३५२ आणि हॅरीच्या ग्रिफिंडोरचे ३१२. सभागृहात विजेत्या गटाची निशाणे लागलेली असतात. अशा वेळी मुख्याध्यापक डम्बलडोर उठतात आणि आयत्या वेळी गुण वाटतात: रॉनला ५०, हर्माइनीला ५०, हॅरीला ६०. बेरीज होते ४७२, म्हणजे बरोबरी. मग नेव्हिलला १०. ग्रिफिंडोर ४८२ वर जाऊन जिंकते आणि निशाणे बदलली जातात.

वाचणाऱ्या मुलाला येथे आनंद होतो, कारण तो हॅरीच्या बाजूने असतो. स्लिदरिनमधील अकरा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या बाजूने हा प्रसंग वाचला तर चित्र वेगळे दिसते. तिने वर्षभर वेळेवर उठून, अभ्यास करून, पाच-पाच गुण जमवले. हिशेब पुरा झाला, ताळेबंदावर सही झाली आणि मग मालकाने स्वतःच्या हाताने बंद वहीत १७० ची नोंद घातली. तिला समजते ते एवढेच की वही महत्त्वाची नसून वही ज्याच्या हाती आहे तो महत्त्वाचा. दुसऱ्या पुस्तकात हेच पुन्हा घडते. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापक दोघा मुलांना ताकीद देतात की पुन्हा नियम मोडल्यास शाळेतून काढावे लागेल. वर्षाच्या शेवटी, बरेच नियम मोडून झाल्यावर, त्यांना प्रत्येकी २०० गुण दिले जातात. पाचव्या पुस्तकात दुसऱ्या टोकाचा अधिकारी येतो. तेथे हॅरीने खरे सांगितले म्हणून त्याच्याकडून, आपण खोटे बोलू नये असे वाक्य, हातावर व्रण उठेपर्यंत लिहून घेतले जाते. वरवर पाहता पहिला अधिकारी प्रेमळ आणि दुसरा क्रूर. मुलाच्या दृष्टीने दोघांत एक साम्य राहतेच: उद्या काय होईल, हे नियम वाचून सांगता येत नाही.

गटाला शिक्षा करण्याच्या पद्धतीला महाराष्ट्रातल्या एका शाळकरी मुलाने फार पूर्वी उत्तर दिले होते. १८५६ साली रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वर्गात टरफले पडली होती. गुरुजींनी सर्वांना ती उचलायला सांगितले. ज्याने शेंगा खाल्ल्या नव्हत्या, त्याने टरफले उचलण्यास नकार दिला. ही गोष्ट मुलाला हट्टीपणाचे उदाहरण म्हणून सांगितली जात नाही, बाणेदारपणाचे म्हणून सांगितली जाते. मात्र तीच गोष्ट कौतुकाने सांगणाऱ्या घरात एका भावाने कप फोडला की तिघांचा टीव्ही बंद होतो. शर्मिष्ठेच्या हजार दासी अशा घरांतून अजून हिंडत आहेत.

१७६४ मध्ये इटलीतील चेझारे बेक्कारिया याने गुन्हे आणि शिक्षा यांवरील छोट्या ग्रंथात मांडले की माणसाला आवर बसतो तो शिक्षेच्या क्रौर्याने नव्हे, तर ती चुकणार नाही या खात्रीने. युरोपातील फौजदारी कायद्यांवर या विचाराचा मोठा प्रभाव पडला. भारतात शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली. शाळेपुरती छडी कायद्याने काढून घेतली. घरातील आणि पेढीवरील लहर मात्र त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही.

व्यापारी माणसाला हा विषय नवा नाही. तो रोज त्याच्या हाताखालून जातो. कर्जाचा हप्ता थकला की दंड लागतो. भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी कर्जखात्यांवरील दंडाविषयी परिपत्रक काढले. त्यातील आशय साध्या शब्दांत असा: दंडाचा हेतू परतफेडीची शिस्त लावणे हा आहे, बँकेचे उत्पन्न वाढवणे हा नव्हे, दंड व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवू नये, तो चुकीच्या प्रमाणात असावा, एकाच प्रकारच्या कर्जात एका ऋणकोला एक आणि दुसऱ्याला दुसरा असा भेद नसावा, आणि दंड किती व कशाबद्दल, हे करारात आधीच स्पष्ट लिहिलेले असावे. संकासुराच्या खेळातील पहिल्या दोन कसोट्या येथे सरकारी भाषेत उतरल्या आहेत. तिसरी सांगावी लागत नाही, कारण एका ऋणकोचा दंड दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे ही उघड लबाडीच ठरेल.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणसांचे व्यवहार कोरड्या दरपत्रकाने चालत नाहीत. दयेला जागा हवी, असाधारण धैर्याला असाधारण दाद हवी. डम्बलडोर यांनी नेव्हिलला दहा गुण दिले ते मित्रांना अडवण्याच्या धैर्याबद्दल, आणि शत्रूला अडवण्यापेक्षा ते कठीण असते, हे कोणीही मान्य करील. बँकाही व्याज माफ करतात. पण तेथे माफी कोण देऊ शकतो हे ठरलेले असते, कारण लिहावे लागते आणि तशाच अडचणीत सापडलेला दुसरा ऋणको आला तर त्याला नकार का, याचेही उत्तर तयार ठेवावे लागते. सवलत आणि लहर यांतील फरक कागदावरच्या त्या एका ओळीत असतो. हाच नेव्हिल मित्रांना सावध करण्यासाठी रात्री बाहेर पडला होता, तेव्हा त्याचे पन्नास गुण गेले होते. दोन्ही वेळा वृत्ती एकच. पन्नास नावे पडले, दहा जमा झाले. त्या चाळीसच्या तुटीचे कारण त्याला कोणी सांगितले नाही.

श्रमणपरंपरेने या प्रश्नाचा विचार फार बारकाईने केला आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार क्रमाने दिले आहेत: आलोचना, प्रतिक्रमण, तदुभय, विवेक, व्युत्सर्ग, तप, छेद, परिहार आणि उपस्थापना. आरंभ होतो तो आपली चूक गुरूंपुढे न लपवता सांगण्याने. कित्येक दोष तेवढ्यावर निवारतात. पुढच्या पायऱ्या दोषाच्या प्रमाणात चढत जातात. छेदात दीक्षेचा काही काळ कमी धरला जातो आणि शेवटच्या पायरीवर दीक्षाच नव्याने घ्यावी लागते. एवढी उतरंड आखण्यामागे एक साधी समजूत आहे. ज्याला आपल्या चुकीचे माप आधी ठाऊक असते, तो ती चूक स्वतः होऊन सांगू शकतो. माप अनिश्चित असेल तर शहाणा माणूस गप्प राहतो.

घराघरात खरे नुकसान होते ते येथे. समजा, पेढीवरच्या नोकराकडून काचेची बरणी फुटली आणि पगारातून पैसे कापले गेले. आठ दिवसांनी मालकाच्या मुलाकडून तशीच बरणी फुटली आणि सगळे हसले. नोकराने त्या दिवशी काही म्हटले नसेल. पण पुढच्या खेपेला बरणी फुटेल तेव्हा तुकडे गुपचूप कचऱ्यात जातील आणि साठ्याचा हिशेब जुळणार नाही. मालकाच्या मुलाचे नुकसान त्याहून मोठे. नियम आपल्यासाठी नाहीत, हे तो त्या दिवशी शिकला. दहा वर्षांनी तोच मुलगा पुरवठादाराची उधारी थकवील आणि व्याज मागितल्यावर त्याला नवल वाटेल.

किंवा समजा, बहिणीने नव्वद टक्के मिळवले, तेव्हा ती हुशारच आहे म्हणून विषय संपला. भावाला सत्तर पडले तेव्हा उत्तेजन म्हणून मोबाइल आणला गेला. दोघांवरही प्रेम आहे, कोणाचे वाईट चिंतलेले नाही. शुक्राचार्यांचेही नव्हते, ते प्रेमापोटीच चुकत होते. बहीण त्या दिवशी रडत नाही. ती एवढेच ठरवते की या घरात गुण सांगून उपयोग नाही. मग काही वर्षांनी कॉलेजात अडचण आली, नोकरीत त्रास झाला, तर तेही ती सांगत नाही. आणि भाऊ शिकतो तो देवांनी कचाला दिलेला सल्ला: काम करण्यापेक्षा ज्याच्या हाती देणे आहे त्याची मर्जी सांभाळावी. तो नियम वाचणे सोडतो आणि वडिलांचा चेहरा वाचू लागतो. दुकानातून परतल्यावर पप्पांचा मूड कसा आहे, हे आईला हळूच विचारणारी मुले हाच अभ्यास करीत असतात.

उपाय मोठे नाहीत. घरात मुलांसाठी पाच-सहाच नियम असावेत. ते मुलांसमोर बोलून ठरवावेत आणि आईवडील दोघांनाही सारखेच माहीत असावेत, नाहीतर एकाने दिलेली शिक्षा दुसरा संध्याकाळी आइस्क्रीम देऊन रद्द करतो. शिक्षा लहान पण खात्रीची असावी. महिनाभर मोबाइल बंद असे रागात सांगून तिसऱ्या दिवशी परत देण्यापेक्षा, एक संध्याकाळ बंद असे सांगून ती संध्याकाळ पाळणे अधिक उपयोगी. चूक एकाची असेल तर भरपाई एकाची असावी. माफी द्यायची असेल तर मोकळ्या मनाने द्यावी, पण का दिली हे सर्वांसमोर सांगावे आणि दुसऱ्या मुलावर तीच वेळ आली तर आठवण ठेवावी. मुलाने स्वतः येऊन चूक सांगितली तर त्या सांगण्याचे मोल शिक्षेत दिसले पाहिजे. पेढीवरही हेच लागू. बरणीचा नियम नोकराला लावायचा असेल तर मुलाच्या खिशातूनही पैसे कापावेत, आणि दोघांना माफ करायचे असेल तर बरण्या फुटतात हे गृहीत धरून तेवढी रक्कम खर्चात धरावी. दिवाळीचा बोनस कोणत्या आधारावर, हे दसऱ्याआधी सांगितले तर तो बोनस ठरतो. दिवाळीच्या आदल्या दिवशी पाकिटे वाटताना ठरवला तर तो बक्षिसी होतो, आणि पाकीट हाती पडताच प्रत्येक नोकर दुसऱ्याच्या पाकिटाची जाडी पाहू लागतो.

एक नियम स्वतःलाही लावून घ्यावा लागतो, आणि तोच कठीण आहे. जेवताना फोन बघू नये असे मुलांना सांगितले असेल तर दुकानातून आलेला फोनही जेवण झाल्यावरच घ्यावा लागेल. मद्य पिणारे शुक्राचार्य स्वतः होते. त्यांनी नियम केला तो जगासाठी. त्यांनी आधी स्वतःसाठी काही प्रायश्चित्त ठरवून दैत्यांना जाब विचारला असता, तर आश्रमातील उरलेल्या शिष्यांना अधिक शिकायला मिळाले असते.

वालावलला पहाटे आख्यान संपते, दहीकाला होतो आणि माणसे बॅटऱ्या घेऊन आपापल्या वाटेने निघतात. झोपेत चालणारे एखादे मूल आजोबांना विचारते की संकासुर पुढच्या जत्रेला परत येईल का. येईल, आजोबा सांगतात. आणि परत वेद चोरील? चोरील. मग मूल स्वतःच पुढचे सांगून टाकते, आजोबांना सांगावे लागत नाही.